एनआयसीयूमध्ये आईला कसला व्हिजिटिंग टाइम?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझी मुलगी २६व्या आठवड्यात झाली, वजन ७८० ग्रॅम. आता ती घरी आहे, बरी आहे, हे आधीच सांगून टाकते म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला राहणार नाही. हे पत्र लिहून राहिले ते एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षाच्या, दारासाठी.

मी जिथे होते तिथे आईला सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा आत सोडायचे, थोडा वेळ, बस. बाकी दिवसभर बाहेरच्या खुर्चीवर. दवाखान्याचं नाव घेत नाही कारण नंतर नागपूरच्या धंतोली, रामदासपेठ भागातल्या वेगवेगळ्या दवाखान्यांत राहून आलेल्या ज्या ज्या आयांशी बोलणं झालं त्यातल्या बहुतेकींनी हेच सांगितलं. नातेवाईकांना टाइम ठरवून द्याच, मामा-काका-शेजारी कोणीच आत नको, त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण आई व्हिजिटर कशी काय झाली?

आपल्याकडे कोणाचं बाळ लवकर झालं की लोक एका वाक्यात निकाल लावतात, "काचेत ठेवलंय." आणि एखादी आजी हमखास म्हणते की सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही. हे साफ चुकीचं आहे, पोटात जितके दिवस जास्त तितकं बाळ जास्त तयार, इतकं सोपं आहे ते. २८ आठवड्यांच्या आत झालेल्या बाळाला डॉक्टर अत्यंत अपुऱ्या दिवसांचं म्हणतात. त्याच्या फुफ्फुसात ते मिटू न देणारा पदार्थ, सर्फॅक्टंट, पुरेसा बनलेलाच नसतो, म्हणून तो नळीतून द्यावा लागतो, मग व्हेंटिलेटर नाहीतर सीपॅप, म्हणजे नाकातून दाबाने हवा देणारं मशीन. श्वास घ्यायचं बाळ मधेच विसरतं, त्याच्यासाठी कॅफिन देतात, हो, कॉफीतलंच कॅफिन, मला पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खरं वाटलं नव्हतं. कातडी इतकी पातळ की काचेच्या पेटीत, म्हणजे इन्क्युबेटरमध्ये, गरमीसोबत ओलावापण मोजून ठेवावा लागतो. मेंदूत रक्तस्राव झाला का ते बघायला टाळूवरून सोनोग्राफी करतात. दूध सुरू करतात ते एकेक मिलीने, नाकातोंडातून पोटात घातलेल्या नळीतून.

यातलं कुठलंही काम आईला करता येत नाही हे मला मान्य आहे. पण जी कामं आईच करू शकते तीसुद्धा तिला करू देत नाहीत, माझं भांडण तेवढ्याच गोष्टीचं आहे.

मला हे कळलं एका नाइट ड्युटीच्या सिस्टरमुळे. त्यांनी एक दिवस मला हात धुवायला लावले, कोपरापर्यंत, अंगठी-बांगड्या काढून, आणि पेटीच्या खिडकीतून हात आत घालायला सांगितला. एक हात डोक्यावर, दुसरा पायांवर, नुसता ठेवायचा, कुरवाळायचं नाही, इतक्या लहान बाळाला कुरवाळणं सहन होत नाही. हात स्थिर ठेवला की बाळ आक्रसून घेतं आणि शांत होतं. मॉनिटरवरचा आकडा वरखाली होत होता तो हळूहळू एका जागी आला. माझं ऐकून घ्या, मी काही चमत्कार सांगत नाहीये, हे त्या सिस्टरला माहीत होतं, डॉक्टरांनाही माहीत असतं, फक्त आईला कोणी सांगत नाही कारण तिला तिथे उभं राहायला वेळच दिलेला नसतो. त्याच सिस्टरांनी शिकवलं की अलार्म वाजला की आधी बाळाकडे बघायचं, मग मशीनकडे. रंग कसा आहे, छाती हलते का. कधी कधी नुसती पायाची वायर सुटलेली असते. आणि कधी खरंच श्वास थांबलेला असतो, तेव्हा तळव्याला हलकी टिचकी मारली की बाळ पुन्हा श्वास घेतं, पण ते काम सिस्टरचं, आपण फक्त लगेच हाक मारायची. एका सिस्टरकडे कितीतरी बाळं असतात हो. त्यांचे दोन डोळे कुठे कुठे पुरणार, आईचे दोन डोळे फुकट मिळत असताना त्यांना जिन्यात बसवून ठेवायचं?

दुधाचंही तेच. आईचं दूध मिळालं तर या बाळांना आतडी सडण्याचा जो भयंकर आजार होतो, एनईसी म्हणतात, त्याचा धोका कमी होतो, हे आता कुठलाही बालरोगतज्ज्ञ सांगतो. सिस्टर रोज विचारायच्या, आणलं का दूध? पण बाळ एका मजल्यावर, आई दुसरीकडे, नाहीतर डिस्चार्ज होऊन थेट घरी, दर दोन-तीन तासांनी रात्रीसुद्धा दूध काढायचं, आणि समोर बाळ नाही. दूध यायचं कुठून? बाळाजवळ बसून, त्याला छातीशी घेऊन मग काढलं तर जास्त येतं, हा माझा अनुभव आहे आणि डॉक्टरही तेच म्हणतात. मुंबईच्या सायन हॉस्पिटलमध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मिल्क बँक, म्हणजे इतर आयांनी दिलेलं दूध साठवणारी बँक, सुरू केली, म्हणजे आपल्याच राज्यात हा विचार इतका जुना आहे. पण बँकेआधी स्वतःच्या आईचं दूध, आणि त्यासाठी आई जवळ पाहिजे.

इन्फेक्शन होईल, हे उत्तर मला प्रत्येक वेळी मिळालं. भीती खरी आहे, अशा बाळाला इन्फेक्शन म्हणजे जिवाशी खेळ. पण २०२१ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा अभ्यास छापून आला, जागतिक आरोग्य संघटनेचा, पाच देशांतल्या दवाखान्यांचा, त्यात दिल्लीचं सफदरजंगही होतं. बाळ स्थिर व्हायची वाट न बघता जन्मल्यापासूनच आईच्या उघड्या छातीवर ठेवलं, आईची खाट नवजात विभागातच टाकली. २८ दिवसांच्या आत दगावण्याचं प्रमाण नेहमीच्या पद्धतीत १५.७ टक्के होतं ते १२ टक्क्यांवर आलं. आणि इन्फेक्शनचं काय झालं? तेही कमी झालं, आई चोवीस तास आत असून. फरक इतका स्पष्ट दिसला की अभ्यास वेळेआधी थांबवला. त्यातली बाळं १ किलो ते १.८ किलोच्या आतली होती, माझ्या मुलीसारखी ७८० ग्रॅमची नव्हती, हे मी लपवत नाही. तिला छातीवर कधी घ्यायचं हे डॉक्टरांनीच ठरवायचं. पण आई जवळ आली की इन्फेक्शन वाढतं, हे सरसकट म्हणणं आता बंद व्हायला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून तर दिवसाचे ८ ते २४ तास कांगारू केअर, म्हणजे बाळाला असं उघड्या छातीवर धरणं, द्या असंच सांगितलं आहे. आणि आपल्या केंद्र सरकारने २०१७ मध्येच नवजात कक्षात कुटुंबाला शिकवून सोबत घ्यायच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, फॅमिली पार्टिसिपेटरी केअर नावाने. म्हणजे मी काही जगावेगळं मागत नाहीये.

कोणी म्हणेल की आयांना काय समजतं, खेड्यापाड्यातल्या बाया येतात. याचं उत्तर विदर्भाने द्यावं असं मला वाटतं कारण ते विदर्भातच मिळालेलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली, तिथले नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्या बाया जर न्यूमोनिया ओळखू शकतात तर स्वतःच्या बाळाचा रंग आई ओळखू शकत नाही का?

सगळ्यात वाईट हाल होतात बाहेरगावच्या आयांचे. गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, तिकडे बालाघाट, छिंदवाड्याहून बाळं नागपुरात रेफर होतात. आईचा डिस्चार्ज होतो, बाळ महिना-दोन महिने आत. ओली बाळंतीण, टाके सुकले नाहीत, मे महिन्यात ४५ डिग्रीत ती पार्किंगच्या सावलीत बसलेली मी पाहिली आहे. घरचे म्हणतात सव्वा महिना बाहेर पडू नको, चल घरी, बाळाला डॉक्टर बघतील. आणि ती जाते, कारण तिला इथे थांबायला जागाच नाही. मग दूध बंद होतं. काही महिन्यांनी लोक म्हणतात, तिची माया कमी पडली. कशी पडणार नाही बाप्पा, तुम्ही भेटूच दिलं नाही तर!

आणि भंडारा. ९ जानेवारी २०२१ ला मध्यरात्रीनंतर तिथल्या जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागून १० बाळं गेली. आई आत असती तर काय झालं असतं ते मला माहीत नाही आणि त्यावर बोलायचा मला हक्कही नाही. पण त्यानंतर आमच्या भागातली प्रत्येक आई एनआयसीयूबाहेर बसून लाइट लपकली तरी उभी राहते, हे दवाखान्यांनी समजून घ्यावं.

बाबांबद्दलही एक बोलते. माझा नवरा सगळे दिवस औषधाची चिठ्ठी घेऊन खाली-वर पळत राहिला, बिल काउंटरवर त्याला सगळे ओळखायचे आणि मुलगी ओळखत नव्हती. कांगारू केअर वडीलही देऊ शकतात, आजीसुद्धा. त्याने पहिल्यांदा शर्ट काढून तिला छातीवर घेतलं तेव्हा तो घाबरून श्वास रोखून बसला होता, सिस्टर म्हणाल्या, अहो तुम्ही तरी श्वास घ्या.

माझं मागणं मोठं नाहीये. आईचं आणि वडिलांचं नाव व्हिजिटरच्या यादीतून काढा. पहिल्याच दिवशी हात धुणं, स्पर्श, दूध काढणं शिकवा, अर्ध्या तासात होतं. पेटीजवळ एक खुर्ची, मागे टेकता येईल अशी. डॉक्टरांचा राउंड होताना आईला बाहेर काढू नका, कारण पुढच्या तारखा तिलाच लक्षात ठेवायच्या आहेत. विशेषतः डोळ्यांची आरओपी तपासणी, म्हणजे लवकर झालेल्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्याची तपासणी, इतक्या लहान बाळाची ती जन्मानंतर दोन-तीन आठवड्यांत व्हायला पाहिजे, ती चुकली तर दृष्टी जाऊ शकते, तोपर्यंत डिस्चार्ज झाला असेल नसेल, तारीख आईला पाठ पाहिजे. आणि बाहेरगावच्या आयांसाठी दवाखान्याच्या आवारात झोपायला जागा आणि दोन वेळचं जेवण, सरकारी असो की खाजगी.

तुमच्या वार्ताहरांना माझी विनंती आहे, शहरातल्या प्रत्येक एनआयसीयूला एकच प्रश्न विचारा की तुमच्याकडे आई दिवसातून किती वेळ आत असते, आणि मिळालेली उत्तरं दवाखान्याच्या नावासकट छापा. १७ नोव्हेंबरला जागतिक प्रिमॅच्युरिटी दिन असतो, दवाखाने जांभळे फुगे लावतात, त्या दिवशी छापलं तर फार बरं होईल.

आपली,
एक आई, मानेवाडा, नागपूर
(कृपया नाव छापू नये)