७८ टनांच्या तुटीबद्दल एक आभारपत्र

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

खरे तर हे पत्र मे महिन्यातच लिहायला हवे होते. परंतु ज्या गोष्टीबद्दल आभार मानायचे, तीत माझी स्वतःची चूकही असल्यामुळे लिहिणे लांबत गेले.

हिवाळ्यात आमच्या कन्हानजवळच्या यार्डात मँगनीजचे धुऊन आलेले बारीक कॉन्सन्ट्रेट, म्हणजे दगडमाती काढलेले खनिज, २,४०० टन उतरले. उन्हाळ्यात ते रवाना होऊ लागले, तेव्हा शेवटचा ढिगारा धरूनही काट्याच्या पावत्यांची बेरीज २,३२२ टनांच्या पुढे जाईना. रात्रपाळीला एकच चौकीदार असल्याने सगळ्यांची नजर त्याच्याकडे वळली, त्याचा महिन्याचा पगार अडवला गेला, आणि स्टॉक रजिस्टर माझ्या हातात असूनही मी विरोधाचा एक शब्द काढला नाही.

प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले असताना, केवळ माझ्या एका फोनवर तुम्ही सक्करदऱ्याहून भर दुपारी स्कूटरने आलात. मी ढिगाच्या वरचा मूठभर माल तपासून आणला होता. त्यात ओलावा ३ टक्के निघाला, आणि तोच आकडा सगळ्या मालाला लावला तर तूट नाहीशी होऊन उलट सुमारे ८० टनांचा वाढावा दिसत होता. तुम्ही काही न बोलता खुरपीने वरची वाळलेली पापडी फोडली, हातभर खाली गेलात आणि तिथला काळाभोर माल मुठीत दाबून दाखवलात, तर त्याचा चक्क लाडू वळला. तो नमुना तिथल्या तिथे प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून, १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवल्यावर ओलावा ७ टक्के भरला. खरेदीदारांच्या अहवालांतही सरासरी तीच होती. माल आला त्या वेळचे ९.५ टक्क्यांचे दाखलेही आमच्याच कपाटात, फक्त दुसऱ्या फाइलीत, पडून होते.

पुढचा हिशेब तुम्ही पावतीच्या पाठीवर मांडलात. २,४०० ओल्या टनांत सुका माल २,१७२ टन. तोच माल ७ टक्के ओलाव्याने काट्यावर चढला तर सुमारे २,३३५.५ टन भरतो. म्हणजे साडेचौसष्ट टन नागपूरच्या उन्हाने नेले होते, आणि आम्ही मात्र चोर शोधत होतो!

उरलेल्या साडेतेरा टनांसाठी तुम्ही नव्याने आलेल्या दहा गाड्या माल उतरवल्यावर पुन्हा काट्यावर चढवल्यात. रिकाम्या गाडीचे वजन आम्ही जुन्या नोंदीवरूनच धरत होतो, आणि हौद्याला चिकटून परत जाणारा ओला माल, गाडीमागे सरासरी ६० किलो, आमच्याकडे जमा म्हणून लिहिला जात होता. हिवाळ्यातल्या १५० खेपांना तोच आकडा लावला तर सुमारे ९ टन होतात. राहिलेले साडेचार टन तुम्ही जबरदस्तीने जुळवू दिले नाहीत. ‘हाताळणीतील घट’ असे लिहून खाली मलाच सही करायला लावलीत. तो आग्रह त्या वेळी मला खटकला होता, आज पटतो.

ज्या शहरात १९४८ साली स्थापन झालेल्या भारतीय खाण ब्युरोचे मुख्यालय आहे, जिथे खाणवाल्यांची आरंभीचा साठा, उत्पादन, रवानगी आणि अखेरचा साठा दाखवणारी मासिक विवरणपत्रे वर्षानुवर्षे पोहोचतात, त्याच शहरातल्या माझ्यासारख्या लेखनिकाला ओले टन आणि सुके टन यांतला फरक असा यार्डात उभे राहून कळावा, याची थोडी लाज वाटते.

चौकीदाराचा अडवलेला पगार जूनमध्ये मिळाला. मी त्याची माफी मागितली. त्याने फक्त मान हलवली. रजिस्टरमध्ये आता ओलाव्याचा आणि सुक्या वजनाचा असे दोन रकाने आहेत, आणि प्रत्येक गाडी माल उतरवल्यावर पुन्हा काट्यावर जाते, चालक कितीही कुरकुरले तरी. तुम्ही मोबदला घेतला नाहीत, पेट्रोलचे पैसेही नाही, म्हणून हे जाहीर आभार.

तुमची खुरपी माझ्या टेबलाच्या खणात राहिली आहे. रविवारी सकाळी घेऊन येतो.

आपला नम्र,
यार्डातील हिशेबनीस