खाली नाव घालू का?

सांगली,
मंगळवार, रात्र

प्रिय सदा,

आधी शिव्या देऊन घे, मग पुढं वाच. दिवाळीपासून फोन नाही, पत्र नाही. वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेसुद्धा मला रम्याकडून कळलं. साताऱ्याला येतो येतो म्हणत राहिलो आणि राहिलंच. माझी साखर आहे तिथंच आहे, गुडघे आहेत तसेच आहेत. तब्येतीचं संपलं.

आता खरं कारण. थोरल्यानं मला टॅब आणून दिलाय. अकरा इंची, सोबत पेन. जन्मभर पाट्या रंगवल्या लेका, आता म्हातारपणी पुन्हा पाटी-पेन्सिल हातात आली! पहिल्या दिवशी काच बघून हसूच आलं. पेन बर्फावरून गेल्यासारखं सटकतं. ब्रशला कसं पोट असतं, रंग पिऊन जड होतो, पत्र्यावर टेकला की कळतं अजून किती अक्षरं निघतील. ह्याला पोटच नाही. टर्पेंटाइनचा वास नाही, नखात रंग नाही. चुकलं तर दोन बोटं काचेवर टेकवायची, मागचं गायब. अण्णांनी हे बघितलं असतं तर दोन्ही बोटांवर पट्टी हाणली असती.

पण खोटं कशाला बोलू, पेन दाबलं की रेघ जाड होते, हलकं धरलं की केसासारखी. तळहात काचेवर टेकला तरी डाग पडत नाही, त्याला पेन कुठलं आणि हात कुठला ते कळतं. चपटा ब्रशही आहे त्यात, बोरूसारखा तिरपा काप लावून ठेवता येतो. वेलांटी उतरताना आपोआप बारीक होत जाते. तिथं मी जरा गप्प झालो.

एकच अडचण. अक्षर लिहून झालं की रस्त्यापलीकडं जाऊन बघायची सवय, ती कशी जाणार? टॅब ओट्यावर डब्यांना टेकवून उभा केला आणि मी मागं मागं चालत थेट व्हरांड्यात. ही म्हणाली, "दूध उतू जात नाहीये, एवढं लांबून काय बघताय?"

हाताचं तुला माहीत आहे. नसेल, तर सांगतो, कारण गेल्या गणपतीत तू विचारलंस तेव्हा मी "कामं कमी केलीत" म्हणून विषय बदलला होता. उजवा हात कापतो. मांडीवर ठेवला की निवांत, ब्रश उचलला की सुरू. डॉक्टर म्हणाले, म्हणूनच हे पार्किन्सन वाटत नाही, त्यात हात उलट रिकामा असताना जास्त हलतो. हा नुसता कंप आहे, घाबरू नका. मी म्हटलं, डॉक्टर, नुसता कंपच असतो हो आमच्या धंद्यात फाशी. दोन वर्षं झाली, एक पाटी घेतलेली नाही. फ्लेक्सनं धंदा घालवला असं सगळ्यांना सांगत फिरतो. ते खोटंही नाही, म्हणून खपून जातं.

तर झालं असं. गणपती पेठेतली ती अडत दुकानाची पाटी आठवते? 1984 ची. 'शेतकऱ्यांच्या मालाची अडत'. त्यातल्या 'ऱ्यां'साठी अण्णांनी तीनदा पुसायला लावलं होतं. 2019 च्या पुरात आयर्विन पुलावर पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा ती पाटी पाण्यात होती. त्यानंतर पत्रा खालून कुजत कुजत गेला. आता मालकाचा नातू बसतो गादीवर. त्यानं कॉम्प्युटरवर नवी पाटी करून घेतली आणि आजोबांना दाखवली. म्हाताऱ्यानं नुसतं बघितलं आणि विचारलं, "हे कुठल्या मुलखातलं?" ल हिंदीतला, श हिंदीतला, आणि 'शेतकऱ्यां'च्या जागी 'शेतकर्यां', डोक्यावर रफार! सरकारनं 2009 साली आदेश काढून पाकळीचा ल आणि देठाचा श मराठीचा म्हणून सांगितलाय, पण फॉन्टला कोण सांगणार? नातू आला माझ्याकडं. काका, तुम्हीच लिहून द्या, पुढं मशीन कापून देईल.

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. नेमकी आमची नात शेजारी. म्हणाली, आजोबा, ही पट्टी सरकवा की. त्या ब्रशाच्या खाली एक पट्टी आहे, शून्य ते शंभर. सरकवली. सदा, रेघ सरळ आली. हात हलतोय, डोळ्यानं दिसतोय, आणि काचेवर रेघ कशी, तर दोरा मारल्यासारखी. ती पेनाबरोबर येत नाही, थोडी मागून येते, दाव्याला बांधलेल्या वासरासारखी. पेन इकडंतिकडं झालं तरी ती मधली वाट धरते. मी 'श' काढला. पोरा, तो 1984 चा 'श' होता. देठ, गाठ, सगळं. मी चष्मा पुसायच्या निमित्तानं उठलो.

चार दिवसांत पाटी झाली. पट्टी ऐंशीवर. नातू खूश, म्हातारा खूश, थोरल्यानं फोटो काढून कुठंकुठं पाठवले. आणि मला झोप नाही. कारण कोपऱ्यात नाव घालायची जागा मोकळी आहे, नातूच म्हणाला, काका, पहिल्या पाटीवर होतं तसं घाला.

आता तुला पत्र का, ते कळलं असेल. तुझा तो टोचलेला खाका. थिएटरजवळच्या हॉटेलची पाटी. कागदाला सुईनं भोकं पाडून कोळशाची पूड मारलीस, ठिपक्यांवरून रंग भरलास, आणि मी जाऊन अण्णांना सांगितलं. त्यांनी तुझं नाव रॉकेलच्या फडक्यानं पुसलं. फडकं मी दिलं होतं. तू तेव्हा ओरडून सांगत होतास की अक्षर मीच काढलं, भोकं मीच पाडली, मग नाव माझं का नाही? मी हसलो होतो. चार महिने बोलला नाहीस. नंतर बोललास, पण ते फडकं आपण दोघांनीही कधी काढलं नाही. आज मी काढतोय. तुझ्या खाक्यात निदान सगळं तुझंच होतं रे. माझ्या पट्टीत वीस माझे आणि ऐंशी कुणाचे, हे तरी कुठं माहीत आहे!

थोरला म्हणतो, बाबा, वळण तुमचं, त्याला काय कळतं 'ऱ्यां' म्हणजे काय. बरोबर आहे. मला पटतं, दुपारपर्यंत पटतं. रात्री परत सुरू. काल पट्टी शून्यावर आणून तीच पाटी पुन्हा लिहिली. शिरोरेषा म्हणजे पुरात वाहून आलेली दोरी. हिला दोन्ही दाखवल्या. हिनं बराच वेळ बघितलं, मग म्हणाली, "भाकरी टाकू का?"

शुक्रवारी फाईल द्यायची आहे. नाव घालू की नको, तेवढं कळव. तुझं मत मागतोय, दिलासा नको. आणि "घाल की, काय होतंय" असं वहिनींना वाटेल म्हणून लिहू नकोस. तुला वाटेल तेच लिही. 'नको' लिहिलंस तरी चालेल, तुझा तो हक्कच आहे.

वहिनींना नमस्कार. डोळ्यात थेंब वेळेवर घालतात ना? पोराचं पोवई नाक्यावरचं दुकान मार्गी लागलं म्हणे, बरं झालं. पाटी कुणाकडून केली? फ्लेक्स असेल तर सांगू नकोस. येताना कंदी पेढे आण, साखरेचं मी बघतो. इथून भडंग देतो बांधून.

तुझा,
विलास

ता. क. हे सगळं त्याच काचेवर, त्याच पेनानं लिहिलंय, पट्टी शून्यावर ठेवून. दुसऱ्या पानावर 'लेका' मधला ल जरा तुटलाय. पुसला नाही.