नानांना रात्र बघायचीय

ऑस्लो, रविवार

प्रिय अव्या,

इकडे सगळे बरे. माझा खोकला गेला, स्मिताचा गुडघाही ठीक. हे फोनवर बोलता येत नाही, कारण नाना सतत आसपास असतात आणि कान अजून तिखट आहेत. म्हणून पत्र.

नानांना पार उत्तरेतल्या ट्रॉम्सोला जायचंय. तेही जानेवारीत, सूर्य नसताना. मी म्हटलं, मे अखेरपर्यंत थांबा, मध्यरात्रीचा सूर्य दाखवतो. तर म्हणाले, "ऊन आयुष्यभर बघितलं. मला रात्र बघायचीय." सातवीत नानांनी पृथ्वीगोलावर मारलेली ती टॉर्च आठवते ना? आर्क्टिक वृत्ताची, साडेसहासष्ट अंशांची लाल रेघ, आणि तू मध्येच विचारलंस, "सर, मग तिथला कोंबडा आरवतो कधी?" अख्खा वर्ग हसला, नाना सोडून. त्यांना प्रश्न आवडला होता. घरी येऊन आईला सांगितलं होतं. (आणि पृथ्वीगोल तूच पाडलास. हे मी शेवटपर्यंत म्हणणार.)

ट्रॉम्सो त्या रेघेच्याही साडेतीनशे किलोमीटर वर. २७ नोव्हेंबरच्या सुमारास मावळलेला सूर्य १५ जानेवारीपर्यंत क्षितिजावर येत नाही. दक्षिणेला डोंगर आडवे, म्हणून गावाला दिसतो तो २१ च्या आसपास. त्या दिवशी पोरंटोरं गोल गोड बन खाऊन साजरं करतात. आम्ही त्याआधीचा आठवडा बघतोय. गुरुवारी जायचं, सोमवारी परत. तेव्हा दुपारी काही तास दक्षिणेकडे गुलाबी झाक, वर गडद निळं आणि खाली बर्फही निळाच, असा उजेड असतो. नानांना हवाय तो हाच. वेदांमधली उषा एवढी लांबते कशी, याचा शोध घेत टिळक उत्तर ध्रुवापर्यंत पोचले. नानांना तो सिद्धांत पटत नाही, हे तू त्यांच्याकडून शंभरदा ऐकलंयस. पण तसली उषा बघायची राहिलीय म्हणतात.

थंडीचं मला फारसं काही नाही. उबदार प्रवाहामुळे तिथलं बंदर गोठत नाही, जानेवारीत सरासरी उणे चारच्या आसपास, म्हणजे इथल्याएवढंच. भीती निसरड्याची. बर्फ वितळतो, रात्री परत गोठतो आणि फुटपाथची काच होते. बुटाखाली चढवायचे खिळ्यांचे रबरी पट्टे आणलेत. नानांनी ते मांडीवर घेऊन अंगठ्याने एकेक खिळा चाचपला. "एक सैल आहे," म्हणाले. खरंच होता. माझ्या डोळ्यांना दिसला नव्हता.

आणि तिथेच माझं पाणी पाणी झालं, अव्या. परवा काळ्या टेबलावर काळा कप ठेवला होता. त्यांचा हात दोनदा कपाच्या शेजारून गेला. मग म्हणाले, "असू दे, अजून गरम असेल." चहा निवून गेला होता.

नानांच्या काचबिंदूत मंद उजेडातलं कमी दिसतं म्हणतात. रात्रीच्या आभाळातल्या ध्रुवीय प्रकाशाचं तर असं, की तो फिका असेल तर धडधाकट डोळ्यांनाही राखाडी ढगासारखा दिसतो. हिरवा येतो तो फोटोत. लोक रात्रीच्या बसने ढग चुकवत थेट फिनलंडच्या हद्दीपर्यंत जातात, दोन-दोन वाजता परततात. नानांना मी त्या बसमध्ये बसवणार नाही. ट्रॉम्सोच्या बेटाच्या माथ्यावर प्रेस्टवानेट नावाचं तळं आहे, गावातच पण जरा काळोखात. टॅक्सीने जायचं, थर्मास घ्यायचा, तासभर बसायचं. पण शेजारचे लोक "तो बघा, तो बघा" करत असताना नाना वर बघत राहिले आणि मला बरं वाटावं म्हणून "वा!" म्हणाले, तर? मला तो "वा" ऐकवणार नाही रे.

त्यांचा बेत मात्र तयार आहे. रोपवेने ४२१ मीटरवर, स्टुरस्टाइनेनला. पुलापलीकडचं १९६५ चं ते पांढरं त्रिकोणी चर्च. बंदरावर ध्रुव-संशोधक अमुंडसेनचा पुतळा, कारण १९२८ च्या जूनमध्ये ध्रुवाकडच्या बर्फात हरवलेल्या नोबिले या वैमानिकाला शोधायला तो इथूनच उडाला आणि परत आला नाही. हे सांगताना वर्गात त्यांचा आवाज बसायचा, तसा काल जेवताना बसला. स्मिता म्हणते, दिसो न दिसो, न्यायचंच. आई असती तर नको म्हणाली असती, आणि शेवटी तिनेच लोकरीचे मोजे विणले असते.

सांगलीला डॉक्टरांकडे त्यांच्याबरोबर तू गेला होतास. मला ते "किरकोळ आहे, थेंब चालू आहेत" एवढंच सांगतात. तुला डॉक्टर काय म्हणाले, ते मला जसंच्या तसं लिही. मला बरं वाटेल असं काही लिहू नकोस. नानांनी तुला शपथ घातली असणार, पण मी मुलगा आहे त्यांचा. फार कमी दिसत असेल तर मी तळ्याचा हट्ट सोडीन आणि सगळे दिवस दुपारच्या उजेडात बाहेर काढीन. तो तरी आभाळभर असतो.

स्वरालीची दहावी कशी चाललीय? गणिताची शिकवणी लावलीत का? गच्चीवरचं गळणं थांबलं की नाही, वहिनींना नमस्कार. विम्याचं त्या माणसाशी परत भांडू नकोस, लेखी दे.

शुक्रवारपर्यंत तिकिटं काढायचीत. त्याआधी कळव, आणि फोन न करता लिहूनच.

तुझा,
मिलिंद