रात्रीची दुर्बीण शेवटच्या चौकीपर्यंत पोचावी

महोदय,
कारगिलमध्ये १९९९ साली तोलोलिंग आणि टायगर हिलवर आपल्या पायदळाने रात्रीच्या अंधारातच चढाई केली. आज मच्छलीपट्टणमला भारत इलेक्ट्रॉनिक्स रात्री पाहण्याची उपकरणे बनवते, याचा अभिमान वाटतो. पण रायफलीवर दुर्बीण बसवली की काम संपत नाही. चांदण्यांचा अंधुक उजेड वाढवून दाखवणारी दुर्बीण दाट ढगांत मंदावते. तिच्या हिरवट चित्रात खड्डा किती खोल, हे चटकन उमगत नाही. उष्णता टिपणारी थर्मल दुर्बीण मिट्ट काळोखातही माणूस दाखवते, मात्र बॅटरीशिवाय तीही निकामी, आणि कडाक्याच्या थंडीत बॅटरी भराभर उतरते. म्हणून दोन्ही प्रकारच्या दुर्बिणी, जादा बॅटऱ्या आणि रात्रीचा भरपूर सराव प्रत्येक जवानाला मिळालाच पाहिजे. यासाठीच्या खरेदीची फाईल एक दिवसही अडता कामा नये.

– एक वाचक, सातारा