शिळेवर संपणारे गाणे

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

ओटिस रेडिंग या अमेरिकी गायकाच्या ‘सिटिन ऑन द डॉक ऑफ द बे’ या गाण्याच्या शेवटी शब्द थांबून नुसती शीळ का येते, असे तू परवा विचारलेस. फोनवर दोन वाक्यांत उत्तर देऊन मोकळे होणे जिवावर आले, म्हणून हे पत्र.

१९६७ च्या जून महिन्यात मॉन्टेरीच्या संगीत महोत्सवात जीव तोडून गायलेला ओटिस तू ऐकलाच आहेस. जॉर्जियातल्या मेकन गावात वाढलेला हा गायक त्या उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोजवळ, सॉसलिटो येथे एका हाउसबोटीवर राहिला होता आणि तिथे, समोरच्या खाडीतून येणाऱ्या-जाणाऱ्या बोटी पाहत असताना, या गाण्याच्या पहिल्या ओळी त्याला सुचल्या. पुढे त्याच्या घशावर शस्त्रक्रिया झाली. मेम्फिसच्या स्टॅक्स स्टुडिओत, म्हणजे एका जुन्या चित्रपटगृहात, गिटारवादक स्टीव्ह क्रॉपर यांच्यासोबत त्याने गाणे पुरे केले आणि नोव्हेंबरअखेरीस ते ध्वनिमुद्रित झाले. घर सोडून दूर आलेला, काहीच हाती न लागलेला माणूस त्यात धक्क्यावर नुसता बसून आहे. इतका शांत, इतका एकाकी ओटिस याआधी कोणी ऐकला नव्हता, आणि स्टॅक्स कंपनीतल्या काहींना तो रुचलाही नाही.

आता शिळेविषयी. क्रॉपर यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे शेवटी ओटिस काही बोल उत्स्फूर्तपणे म्हणणार होता. ते ऐन वेळी आठवले नाहीत आणि त्याने शीळ घातली. मला विचारशील तर ठरवून लिहिलेल्या कोणत्याही ओळींनी त्या माणसाचे रिकामपण इतके नेमके सांगितले नसते.

१० डिसेंबर १९६७ रोजी मॅडिसन शहराकडे निघालेले त्याचे विमान मोनोना सरोवरात कोसळले. ओटिस अवघा २६ वर्षांचा होता. त्याच्यासह सात जण गेले, त्यांत ‘बार-केज’ या साथीच्या वाद्यवृंदातली विशीही न गाठलेली मुले होती. वाचला तो एकटा ट्रम्पेटवादक बेन कॉली.

मागे उरलेले काम क्रॉपर यांच्यावर आले. मित्राच्या मृत्यूनंतर काही दिवसांतच त्यांनी त्याचा आवाज पुन्हा पुन्हा ऐकत गाण्याचे ध्वनिमिश्रण केले, आणि लाटांचा व समुद्रपक्ष्यांचा आवाज त्यात घातला. सुधीर, हे त्यांनी कसे केले असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. जानेवारी १९६८ मध्ये तबकडी निघाली आणि मार्चमध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचली. गायकाच्या मृत्यूनंतर तिथवर गेलेले ते तिथले पहिलेच गाणे.

आज रात्री हेडफोन लावून ऐक. आधी लाट येते, मग तो. आणि शेवटी शीळ संपत नाही. ती चालूच असते, आवाज तेवढा कमी कमी होत जातो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनिल