आठ मिली

नागपूर,
2 जून 2024

प्रिय दिल्या,

तुझ्या पत्राला तीन महिने उत्तर दिलं नाही. फोनवर बोलतो आपण, पण तिथं 'जेवला का, पाऊस पडला का' याच्यापुढं गाडी जात नाही. माझी तब्येत बरी आहे. साखर जरा वर असते, गोळ्या सुरू आहेत. नवतपा संपत आला तरी पारा 45 च्या आसपासच आहे, कूलरमध्ये दिवसातून तीनदा पाणी टाकावं लागून राहिलं. आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. फोनवर सांगितलं असतं तर तू मध्येच बोलला असता.

आप्पांची लाल गाडी शेडमधून बाहेर निघाली. ओंकारनं दिवाळीतच ठरवलं होतं, "काका, आजोबांची गाडी चालली पाहिजे." माईंनी किल्ली आणून माझ्या हातात ठेवली, एक शब्द बोलल्या नाहीत. या गॅरेजचं पहिलं भाडं कोणी भरलं होतं ते तुला माहीत आहे. नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

माझदा आरएक्स-7, 1989 चं मॉडेल. मास्तरांनी आयटीआयमध्ये फळ्यावर वेंकेल इंजिन काढलं होतं तेव्हा तू "सर, हा तर समोसा आहे" म्हणाला आणि वर्गाबाहेर गेला. त्यामुळे पुढचं तू ऐकलंच नाही, ते आज ऐक. पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही. 654 सीसीचे, गोल फिरणारे दोन तिकोनी रोटर. त्रिकोणाच्या प्रत्येक टोकाला एक सील, म्हणजे 2 मिलिमीटर जाडीची आणि 80 मिलिमीटर लांबीची पट्टी, मागून स्प्रिंगनं दाबलेली. इंजिन फिरतं तोवर ती पट्टी हाउसिंगच्या, म्हणजे रोटरभोवतीच्या कवचाच्या भिंतीला घासत राहते. माझदाच्या सुरुवातीच्या इंजिनांमध्ये या घासण्यानं भिंतीवर लाटांसारखे ओरखडे उठायचे. तिथले इंजिनिअर त्याला सैतानाची नखं म्हणायचे. त्यावर तोड निघाली तेव्हा कुठं 1967 साली त्यांची कॉस्मो गाडी विकायला आली. पुढं 1991 मध्ये चार रोटरच्या गाडीनं ल मांची 24 तासांची शर्यत मारली, तेव्हा मास्तर पेपर घेऊन सायकलवर माझ्याकडे आले होते. तू तेव्हा भोपाळला होता.

आता या पट्टीला तेल कुठून मिळणार? बेअरिंगला खालच्या सम्पमधून, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यातून मिळतं. पट्टी मात्र आगीच्या खोलीत राहते. म्हणून कंपनीनं एक छोटा पंप दिला आहे, तो सम्पमधलंच तेल थेंबाथेंबानं आत सोडतो आणि ते जळून जातं. ही गाडी तेल पिते म्हणून लोक घाबरतात, पण तिला ते पाजावंच लागतं. आप्पांच्या गाडीत त्या पंपाच्या बारीक प्लास्टिकच्या नळ्या 35 वर्षांत पापडासारख्या झाल्या होत्या. मी नुसता हात लावला आणि दोन तुटल्या. नवीन मिळेनात. मग मी पंपाच्या जागी प्लेट ठोकून तोंड बंद केलं आणि पेट्रोलमध्येच टूटी, म्हणजे टू-स्ट्रोक गाड्यांचं ऑइल मिसळायचं ठरवलं. यात मी काही वावगं केलं नाही, जगभर लोक करतात. उलट सम्पमधलं तेल जळण्यासाठी बनवलेलंच नसतं, ते राख आणि कार्बन सोडतं. टूटी जळण्यासाठीच बनवलेलं असतं.

फक्त एक आहे, पंप काढला की विसरायची सोय राहत नाही. राजदूत मोटरसायकलला आपण लिटरला 40 मिली टाकायचो, कारण क्रँक, बेअरिंग, पिस्टन सगळं त्याच्याच भरवशावर. इथं फक्त सीलपुरतं हवं, म्हणून लिटरला 8 मिली. ओंकारला मी किल्ली देताना सांगितलं, "पेट्रोलच्या आधी तेल टाकत जा. आठ मिली. विसरू नको."

मार्चपासून पोट्ट्यानं गाडी चालवली. तीनदा टाकी भरली, दर वेळी 40 लिटर. एकदा अमरावतीला जाऊन आला. मागच्या आठवड्यात गाडी ओढून आणली, कारण गरम झाली की स्टार्टच होत नव्हती. मी वरचा प्लग काढला, दाब मोजायचा गेज लावला, त्याची सुई अडकू नये म्हणून गेजचा व्हॉल्व्ह दाबून धरला आणि पोऱ्याला सेल्फ मारायला सांगितलं. पुढच्या रोटरला सुईच्या तीन सारख्या उड्या, त्रिकोणाच्या तीन बाजूंच्या तीन खोल्यांच्या. मागच्याला एक उडी धड, दोन मेलेल्या. दिल्या, दोन मेलेल्या म्हणजे सील एकच गेलं, कारण एक सील दोन खोल्यांच्या मधली भिंत असते. दाब 6 किलोच्या खाली गेला की इंजिन खोलावंच लागतं, आणि हा तर पार खाली होता.

मी विचारलं, तेल टाकत होता का? म्हणाला, टाकत होतो. मी म्हटलं, प्लग कोरडा आहे, सील गेलं आहे, तेल टाकलं असतं तर हे झालं नसतं. तो म्हणाला, "काका, दर वेळी टाकलं." मी चारचौघांत, पोऱ्यांच्या आणि दोन गिऱ्हाइकांच्या समोर ओरडलो, "खोटं बोलतोस! आप्पांच्या घरचा असून खोटं बोलतोस!"

तो काही बोलला नाही. दार उघडून त्यानं ग्लोव्ह बॉक्समधून एक वस्तू काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. खोकल्याच्या औषधावर येतं ना, ते प्लास्टिकचं पारदर्शक झाकण. त्याच्यावर 5, 7.5 आणि 10 च्या रेघा असतात. 7.5 च्या केसभर वर त्यानं निळ्या पेननं स्वतःची रेघ मारली होती. आतून तेल वाळून चिकट झालेलं, त्याला धूळ लागलेली. पोरगं दर टाकीला ते झाकण डोळ्यासमोर धरून बरोब्बर आठ मिली टाकत होतं. 40 लिटरला. तिथं 320 पाहिजे होतं.

'लिटरला' हा शब्द मी बोललोच नव्हतो.

त्यानं हात धुतले आणि गेला. आज चार दिवस झाले, आला नाही, फोन उचलत नाही. मला रात्री झोप नाही, आणि ती इंजिनापायी नाही. सील जपानहून मागवीन, मागच्या हाउसिंगचा क्रोम शाबूत असला तर तेवढ्यावर भागेल, मजुरी घ्यायचा प्रश्नच नाही, सुट्या भागांचे पैसेही मीच देणार. पण ते पोरगं झाकण पुढं ठेवून जसं उभं राहिलं ना, तसं मी एकाला आधी उभं राहिलेलं पाहिलं आहे. मनसरच्या अलीकडे.

1986 ची त्रिपुरी पौर्णिमा. आपण रामटेकच्या जत्रेला निघालो, मामांची राजदूत कन्हानच्या पुलावर आवाज बदलू लागली आणि मनसरच्या अलीकडे जाम झाली. मागचं चाक घासत गेलं, आपण दोघं रस्त्यावर. मी म्हटलं तू तेल टाकलं नाही. तू म्हणाला टाकलं, दोन झाकणं, तूच सांगितलं होतं. मी म्हटलं खोटं. तू तसाच उभा होता, हात खाली सोडून. रिबोअरचे पैसे तू घड्याळ विकून दिले. नंदूच्या लग्नापर्यंत आपण बोललो नाही, आणि नंतर बोलू लागलो तरी मी ती गोष्ट दर दिवाळीला सगळ्यांसमोर हसत सांगितली. चहातली साखरसुद्धा मोजणारा माणूस तेल टाकायला विसरला म्हणून.

चार दिवस मी तेच आठवतो आहे. 'दोन झाकणं' मी म्हटलं होतं, हे खरं. माझ्या मनात मास्तरांकडच्या टूटीच्या डब्याचं मोठं झाकण होतं, रोज तेच हातात असायचं. पण त्या सकाळी तू महाल भागातून निघाला, आणि तुझ्याकडे तेल होतं ते टॉनिकच्या बाटलीत. तिचं झाकण माझ्या अंगठ्याएवढं होतं.

उद्या सकाळी माईंकडे जाणार आहे. ओंकार असेल तर त्याच्यासमोर, नसेल तर तो येईपर्यंत बसेन. माई ओरडल्या तर बरं वाटेल, पण त्या ओरडणार नाहीत.

तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढं ढकललं असं वहिनी म्हणाल्या, ते करून घे. धाकटीला नोकरी लागल्याचं ऐकून फार आनंद झाला, तिला माझा आशीर्वाद सांग. संत्रा बर्फी कोणी त्या बाजूला येत असलं की पाठवतो.

घड्याळाचं आपण भेटल्यावर बोलू. आधी उलट टपाली एवढंच लिही. त्या सकाळी तुझ्या हातात कोणतं झाकण होतं, डब्याचं की टॉनिकच्या बाटलीचं?

तुझा,
वसंता