अणुभट्टी रस्त्यावर आणण्याआधी आमच्या वळणावर या : अणुऊर्जा राज्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. मंत्रीसाहेब, सप्रेम नमस्कार.

मी रत्नागिरी जिल्ह्यात मुंबई-गोवा हायवेला लागून राहतो. गेल्या पावसाळ्यात रात्री साडेअकराला आमच्या वळणावर गॅसचा टँकर उलटला. पोलीस ओरडत आले, चूल विझवा, लाईटचं बटण दाबू नका, निघा. आईला दमा, तिला पाठुंगळी घेऊन चिखलातून शाळेपर्यंत गेलो, तिचा पंप घरीच राहिला. रात्रभर ती छाती धरून बसली होती आणि मी नुसता बघत होतो साहेब. नंतर एक अधिकारी येऊन बोलून गेले, महिन्याभरात भोंगा बसवतो, मॉक ड्रिल घेतो. दुसरा पावसाळा आला, भोंगा नाही.

आता परवा अमेरिकेच्या प्रोजेक्ट पेलेबद्दल वाचलं. १ ते ५ मेगावॅटची अणुभट्टी, २० फुटी चार कंटेनरमध्ये भरून ट्रकने, रेल्वेने, विमानाने न्यायची. आपल्याकडे अशी फिरती भट्टी नाही, माहितीये, पण २०२५ च्या बजेटमध्ये छोट्या अणुभट्ट्यांना २०,००० कोटी दिलेत, २०३३ पर्यंत ५ चालू करायच्यात, म्हणजे आज ना उद्या हा माल रस्त्यावर वाढणारच ना? भट्टी बंद केली त्या क्षणीसुद्धा पूर्ण ताकदीच्या ६-७ टक्के उष्णता आतून निघत असते, मग वापरलेली भट्टी ट्रकवर चढवायच्या आधी किती दिवस थंड ठेवणार ते कोण ठरवणार? किरणोत्सारी माल न्यायच्या मजबूत पेट्या ९ मीटरवरून आपटून आणि ८०० डिग्रीच्या आगीत ३० मिनिटं ठेवून तपासतात. आमच्याकडे बंब यायलाच पाऊण तास लागतो हो!

आणि डिसेंबर २०२५ मध्ये तुम्ही अणुऊर्जेचा नवा शांती कायदा आणला. १५० मेगावॅट थर्मलपर्यंतची (म्हणजे विजेच्या नाही, उष्णतेच्या मापाने) भट्टी असो की अणुमालाची वाहतूक, अपघात झाला तर ऑपरेटरची, म्हणजे भट्टी चालवणाऱ्याची, भरपाईची जबाबदारी फक्त १०० कोटी. कुठल्या हिशोबाने? एका खाडीतली मासेमारी, दोन्ही काठांच्या आंब्याच्या बागा बसतात का त्यात? १९७८ मध्ये सोव्हिएत रशियाचा कॉसमॉस ९५४ उपग्रह अणुभट्टीसकट कॅनडात पडला, कॅनडाने ६० लाख कॅनेडियन डॉलर मागितले, हातात आले ३० लाख. देशाला अर्धे मिळाले तर आम्हाला काय मिळणार.

हायवेचं चौपदरीकरण २०११ पासून चाललंय, तेव्हा शाळेत जाणारी पोरं आता बाप झाली. सगळीकडे हेच, आधी गाडी सोडायची, माणसं मेली की समिती.

माझं मागणं एवढंच, असा माल न्यायच्या आधी वाटेवरच्या तालुक्यांत प्रशिक्षित पथक आणि भोंगे द्या, ही १०० कोटींची मर्यादा काढा. आणि उत्तर मराठीत पाठवा, आईला वाचून दाखवायचंय.

हायवेकाठचा एक रहिवासी